नावं ठेवणं

गेल्या दिवाळीला नातू पुण्याहून गावी आला. पाठीला सॅक, कानात ते वायर नसलेले बोळे आणि अंगात काळा टी-शर्ट. छातीवर पांढऱ्या ठसठशीत अक्षरात एकच शब्द : घाटी.

मी ओट्यावर सुपारी कातरत बसलो होतो. अडकित्ता तसाच हातात राहिला.

"हे काय रे अंगात?"

"भारी आहे ना, आबा? आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांनी घेतलेत. साडेतीनशेला."

"साडेतीनशे देऊन शिवी विकत घेतलीस?"

तो हसला. म्हणाला, "आबा, आपणच ती अंगावर घातली की शिवी राहतच नाही. आता कुणी मला घाटी म्हणाला तर मी म्हणणार, हो, वाच की, लिहिलंय."

पोरगं बोलायला तरबेज आहे, आईवर गेलंय. त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचायला लागलं, आणि सुचता सुचता गाडी भलत्याच रुळावर गेली. ते सगळं इथं लिहून काढतो आहे.

माझ्या अंगावर हा शब्द पहिल्यांदा पडला तो फुकटात. १९७२ चा दुष्काळ. ज्वारीच्या ताटाला कणीस धरलं नाही, विहिरी तळाला गेल्या, सगळं गाव रस्त्यावर खडी फोडायला. रेशनला तांबडी मिलो मिळायची, तिची भाकरी थापताना बायका रडकुंडीला यायच्या. मी मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो. १९७३ च्या उन्हाळ्यात वडिलांनी पन्नास रुपये हातावर ठेवले आणि म्हणाले, नानाकडं जा. नाना म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ, मुंबईला दाणाबंदरात पोती उचलायचा.

बार्शीहून छोट्या गाडीनं कुर्डुवाडी. ही आमची बार्शी लाइट, काल्थ्रॉप नावाच्या इंग्रजानं १८९७ साली सुरू केलेली, अडीच फुटी रुळांची. तिच्यातून उतरून मोठ्या गाडीत बसलं की माणूस आपोआप लहान व्हायचा. रात्रभर उभं राहून पहाटे घाट उतरलो. कर्जत आलं. आता घाट उतरला की आपण घाटी होतो हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. बार्शीत कुणी घाटी नसतो. घाटी व्हायला घाट उतरावा लागतो.

नाना राहायचा त्या खोलीत सतरा माणसं. सगळी एकदम झोपायची सोय नव्हती, पाळीनं झोपायचं. आमच्या मजल्यावर सगळ्या घाटावरच्या खोल्या, वरच्या मजल्यावर कोकणातल्या. त्यांचा गणपती, आमची भवानी. पाण्याच्या नळावर दोन्हीकडून उद्धार चालायचा. चाकरमानी आम्हाला घाटी म्हणायचे, आमचे लोक त्यांच्या भाताची आणि हेल काढून बोलण्याची टिंगल करायचे. पण ती बरोबरीतली भांडणं होती. शिमग्याला तेच लोक नानाच्या खांद्यावर हात टाकून नाचायचे. शिवाय त्याच कोकणातली पोरं शेठजींच्या घरी गडी म्हणून राहिली की तिथं त्यांचं नाव परस्पर 'रामा' व्हायचं. खरं नाव काही का असेना, घरात कामाला ठेवलेला गडी म्हणजे रामा. खाली येऊन तोच रामा आम्हाला घाटी म्हणायचा. वरून आलेलं ओझं खालच्याच्या डोक्यावर द्यायचं, एवढाच तो व्यवहार.

ह्याच मुंबईत आमच्या बार्शीचे शाहीर अमर शेख डफावर थाप मारून उभे राहायचे तेव्हा कोकणी कोण आणि घाटी कोण हे मैदानावर कुणाला आठवायचं नाही, असं नाना सांगायचा. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा त्यानं ऐकल्या होत्या. "त्यो आमचा बार्शीचा गडी," हे सांगताना नानाची मान अशी काही ताठ व्हायची! 'बार्शी तिथं सरशी' ही म्हण त्यानं मुंबईत शंभर जणांना तरी ऐकवली असेल.

मला एका पेढीत आवक-जावक लिहायचं काम मिळालं. पेढीचं नाव कशाला घ्यायचं, आता ती नाहीच. तिथं माझं नाव पहिल्या आठवड्यातच गेलं. हेडक्लार्क गोड आवाजात म्हणायचे, "घाटी, ते टपाल आणा पाहू." त्यांच्या मनात वाईट नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. माझ्या लग्नाला त्यांनी आहेर पाठवला होता. दुसरी तऱ्हा होती ती इंग्रजी शाळेत शिकलेल्या दोन-तीन तरण्या पोरांची. त्यातला एकजण दुसऱ्याच्या शर्टाला नाक मुरडून म्हणायचा, "डोन्ट बी सच अ घाटी, यार." हे तो मला म्हणत नव्हता. आपसात बोलत होते, मी शेजारी बसून पाकिटांना तिकिटं चिकटवत होतो. हेडक्लार्कांच्या घाटीपेक्षा हा घाटी कितीतरी खोल गेला. कारण त्यांच्या बोलण्यात मी माणूस तरी होतो, ह्यांच्या बोलण्यात मी एक रोग होतो, लागू नये म्हणून जपायचा.

शब्दाच्या मुळात वाईट काही नाही. सह्याद्रीचा घाट चढून वर राहतो तो घाटी. गंमत अशी की हिंदीत घाटी म्हणजे दरी. मराठीत जो वर, तो हिंदीत खाली. गोव्यात तर घाट उतरून आलेला मजूर कानडी बोलो का मराठी, तो घांटीच. पण सातारा, पुणे, नगर, सोलापूरकडची माणसं मुंबईत उतरली ती हमालीला, गोदीत, गिरणीत. मग घाटी म्हणजे ओझं वाहणारा. पुढं घाटी म्हणजे मळक्या कपड्यांचा, आणि आणखी पुढं ज्याला वागायची रीत नाही तो. मुलखाचं नाव कामाला चिकटलं आणि कामाचं नाव लायकीला.

मी एकदा रात्री नानाला विचारलं, "तुला राग येत नाही?"

नाना पाठीला तेल लावून घेत होता. म्हणाला, "शंभर किलोचं पोतं पाठीवर असलं की मानूस काय म्हणतोय ते ऐकू येत न्हाय बघ."

नानाचं नाव त्याला परत मिळालं ते कसं, हे सांगण्यासारखं आहे. सातारकडच्या अण्णासाहेब पाटलांनी हमालांची संघटना बांधली, अनेक वर्षं झगडले, आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. मग बाजारवार मंडळं आली. पगार मुकादमाच्या मर्जीवर न राहता मंडळातून यायला लागला, फंड कापला जायला लागला. नानाला मंडळाचा पास मिळाला. त्यावर त्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, असं तिन्ही छापलेलं. नाना तो पास ट्रंकेत धोतराच्या घडीत ठेवायचा. अक्षर ओळख त्याला बेताचीच, पण ते नाव तो बोट फिरवून वाचायचा. पुढं शेठजीच्या तोंडून 'ए घाटी' गेलं असं नाही, पण त्या हाकेला ओ दिल्याशिवाय संध्याकाळची भाकरी मिळणार नाही, ही गोष्ट गेली. म्हणून मला नातवाचं म्हणणं अर्धंच पटतं. शब्दाचं विष उतरवायला शब्द पुरत नाही. नानानं १९६५ साली छातीवर 'घाटी' लिहून घेतलं असतं तर शेठजीचं काम सोपं झालं असतं, दुसरं काय?

पण अर्धं पटतं, हेही खरं. मालवणी बोली म्हणजे मुंबईत गडीमाणसांची बोली, तिच्यावर हसायचं, असा एक काळ होता. मग गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' आलं, मच्छिंद्र कांबळी उभे राहिले, आणि लोक रांगा लावून तीच बोली ऐकायला जायला लागले. नाटक विलायतेला जाऊन आलं. तेव्हाही लोक हसत होते, पण आता कुठं हसायचं हे मालवणी माणूस ठरवत होता. पुणेकरांचं म्हणाल तर त्यांनी त्यांच्यावरचे सगळे टोमणे पाट्यांवर लिहून आधीच लावून टाकलेत, आता त्यांना नावं ठेवायची सोयच राहिलेली नाही. पण पुणेकरांना ते सोपं होतं. त्यांना कुणी पुणेरी म्हणून कामावरून काढलं नव्हतं की खोली नाकारली नव्हती. नातवाचंही तसंच. त्याचा बाप बँकेत, आई शिक्षिका, कोथरूडला फ्लॅट. त्यानं घाटी हा शब्द अंगात घातला आणि संध्याकाळी काढून धुवायला टाकला. नानाला तो काढून ठेवता येत नव्हता.

इथवर विचार केला आणि मला बरं वाटलं. उद्या सकाळी पोराला ऐकवायला भक्कम मुद्दा झाला होता. मी कुशीवर वळलो. आणि वळताना तोंडातून सवयीनं निघालं, "आई गं."

तिथं गाडी रूळ सोडून गेली.

आमचं गाव बार्शीच्या उत्तरेला, भूमच्या वाटेवर. गावाच्या शिवेला ओढा आहे. आता तो ओढा म्हणजे दोन जिल्ह्यांची हद्द, पण माझ्या आईच्या लहानपणी ती दोन राज्यांची हद्द होती. अलीकडं इंग्रज, पलीकडं निजाम. निजाम मुळात दिल्लीच्या मोगल बादशहाचा दख्खनचा सुभेदार. १७२४ साली तो आपल्या पायावर उभा राहिला, पुढं दिल्लीचे मोगलही संपले, पण आमच्याकडं त्याच्या मुलखाला मोगलाई म्हणायचे ते म्हणतच राहिले. पलीकडं हाली सिक्का चालायचा, आमच्याकडं कलदार. पलीकडं तहसील, आमच्याकडं मामलेदार कचेरी. माल न्यायचा तर करोडगिरीच्या नाक्यावर पैसे भरायचे. बाकी माती तीच, ज्वारी तीच. बोलण्यातला फरक शोधायचा तर कान फार बारीक लागतील. आमच्या घराण्याची कुलस्वामिनी तुळजापूरची, ती मोगलाईत. येरमाळ्याची येडाई, तीही मोगलाईत. त्यांचा विठोबा आमच्या जिल्ह्यात, त्यांच्या दिंड्या बार्शीवरून जायच्या. देवांनी हद्द मानली नाही, पण माणसांनी मानली.

आणि नुसती मानली नाही, तर तिची म्हण केली. कुणी दांडगाई केली की अजूनही आम्ही विचारतो, "इथं काय मोगलाई लागून गेलीय का?" मोगलाई म्हणजे अंधेर, बेबंदशाही, घाण, अडाणीपणा. मोगलाईतला माणूस म्हणजे ज्याला कुणी वाली नाही तो. बार्शीच्या बाजारात पलीकडचा शेतकरी माल घेऊन आला की तोलणारा हमखास म्हणायचा, "आला का मोगल?" आम्ही मुंबईत घाटी होतो, पण त्याआधी आणि त्यानंतरही, स्वतःच्या घरात, आम्ही शेठजी होतो.

आई भूम तालुक्यातली. रझाकारांच्या धामधुमीत हद्दीवरची कितीतरी कुटुंबं जीव मुठीत धरून बार्शीच्या अंगाला आली, त्यात आईचं घर होतं. रात्रीतून बैलगाडी जुंपून, बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा काढून ठेवून, ओढा ओलांडून आले. आई चौदा वर्षांची. ओळखीच्या ओळखीनं आमच्या चुलत आजोबांच्या वाड्यात गोठ्याशेजारी उतरले. चार महिन्यांत आईचं लग्न माझ्या वडिलांशी लागलं, दोन लुगड्यांवर. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली, निजाम शरण आला, आणि आजोळची माणसं आली त्याच गाडीतून परत गेली. आई तेवढी मागं राहिली.

घरात तिचं नाव मोगलीण पडलं. आजी हाक मारायची, "ए मोगलाईतले, चूल विझली बघ." आत्या माहेरपणाला आली की पहिला प्रश्न, "मोगलीण कुठाय?" वडीलही कधीमधी चेष्टेत म्हणायचे. कुणाच्याही बोलण्यात विखार नव्हता. (हेच वाक्य मी हेडक्लार्कांबद्दल वर लिहून गेलो आहे, ते आता ध्यानात आलं.) मीठ जास्त झालं तर मोगलाई हात. पोरं आजारी पडली तर मोगलाई दूध. आईच्या हातून दुधाचं पातेलं कलंडलं की आजी म्हणायची, "गोठ्यात उतरलेल्यांना भांड्याची काय सवय." शब्दाचं खरं पोट ते होतं. गोठ्यात उतरलेली, दोन लुगड्यांवर आलेली, परत पाठवायला माहेर नीट उरलं नव्हतं अशी.

१ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला. हाली सिक्का गेला, करोडगिरीची नाकी गेली. आई तहसील म्हणायची तेव्हा घरात हसायचे, पण आज सबंध महाराष्ट्रात कचेरीवर पाटी तहसीलचीच आहे. म्हणजे शब्द मोगलाईतला जिंकला. पण आमच्या घरातली हद्द तिथंच राहिली.

आता माझ्या वाटणीचं सांगतो. मी आठवीत असताना मामाचा पोरगा आमच्याकडं शिकायला राहिला. माझ्यापेक्षा एक वर्षानं लहान, गणितात माझ्यापेक्षा पुढं. मी त्याला मोगल म्हणायचो. शाळेत मीच ते नाव पसरवलं. हजेरीला मास्तर त्याचं नाव घ्यायचे आणि मागून पाच-सहा जण हळूच "मोगल" म्हणायचे. तो सहामाहीच्या सुट्टीला गावी गेला तो परत आलाच नाही. आई दोन दिवस बोलली नाही. मला वाटलं, भाचा गेला म्हणून.

१९७३ ची दिवाळी. मी मुंबईहून पहिल्यांदा घरी आलो. आई चुलीपुढं भाकरी थापत होती, मी जवळ पाट घेऊन बसलो आणि सगळं सांगून टाकलं. सहा महिन्यांचं साठलं होतं. घाटी म्हणतात, नावानं हाक मारत नाहीत, मी काही बोलू शकत नाही. बोलता बोलता डोळ्यांत पाणी आलं, मी ते धुरावर घातलं.

आईनं भाकरी तव्यावर टाकली. तिच्यावर पाण्याचा हात फिरवला. मग विचारलं, "मग तू काय म्हनलास त्यास्नी?"

"काय म्हणणार? गप बसलो."

"हं," आई म्हणाली. "मी बी गपच बसले."

तिनं पुढची भाकरी घेतली. माझ्याकडं बघितलंही नाही. मला तेव्हा ते समजलं का? समजलं, पण समजलं नाही असं दाखवणं सोयीचं होतं. मी उठून बाहेर ओट्यावर गेलो.

त्यानंतर मी घरात तो शब्द वापरला नाही एवढं खरं. पण दुसऱ्यांना अडवलंही नाही. आजीला कोण अडवणार, आत्याला कोण सांगणार, आता एवढ्या वर्षांनी काय काढायचं, असं म्हणत गेलो.

ह्या शब्दाला आणखी एक बाजू आहे, ती मला फार उशिरा कळली. आमच्या गावात शिंपीकाम करणारं एक मुसलमान घर होतं, घरधन्याला सगळे भाईजी म्हणायचे. एकदा पारावर कुणाच्या तरी बांधावरून वाद चालला होता आणि मी म्हणालो, "ही काय मोगलाई आहे का?" भाईजी कोपऱ्यात बसले होते. ते काही बोलले नाहीत, पण चप्पल पायात सरकवून उठले. मला जाणवलं की ही म्हण आमच्या तोंडून निघते तेव्हा भाईजींना ती निजामाबद्दल वाटत नसणार. पोलीस ॲक्शननंतर उस्मानाबाद जिल्ह्यात सामान्य मुसलमानांवरही फार वाईट गुदरलं. भाईजींची सासुरवाडी पलीकडचीच होती. ज्या रात्री माझी आई अलीकडं आली त्यानंतर सहा महिन्यांनी त्यांची बायकोही तोच ओढा ओलांडून आली होती. दोघींच्या पळून येण्याला आम्ही एकच शब्द ठेवला होता आणि तो दोघींच्याही अंगावर पडत होता.

तर आई. सत्तरी ओलांडल्यावर ती स्वतःच तो शब्द वापरायला लागली. डॉक्टर म्हणाले तिखट कमी करा, तर म्हणाली, "मोगलाईतली हाय मी डाक्टर, मला काय हुत न्हाय." सुनांना सांगायची, "मोगलिणीच्या हाताची आमटी खाऊन बघा." सगळे हसायचे, तीही हसायची. नातवाच्या हिशोबानं तिनं शब्द परत घेतला असं म्हणायला हवं. मला खात्री नाही. पन्नास वर्षं एकच चप्पल घातली की ती पायाला लावून घेतली जाते, ती आवडली असं नव्हे. पण नुसता थकवा होता असंही म्हणवत नाही, कारण एक गोष्ट मी डोळ्यांनी बघितली आहे.

शेजारच्या घरात परंड्याकडची नवी सून आली. बी.ए. झालेली, मोबाइलवाली. तिची सासू आमच्या ओट्यावर येऊन म्हणाली, "आत्याबाई, आमच्याकडं बी एक मोगलीण आली बघा." ती आईला खूश करायला म्हणाली होती. आई तांदूळ निवडत होती. तिनं ताट खाली ठेवलं.

"नाव काय ठिवलंय तिचं?"

सासूनं सांगितलं.

"मग त्या नावानं हाक मार. मोगलीण मी हाय. दुसरी न्हाय."

एवढंच. पुन्हा तांदूळ निवडायला लागली. सासूबाई थोडा वेळ बसून गेल्या. त्या सुनेला आमच्या आळीत कुणी मोगलीण म्हटलेलं मी ऐकलं नाही.

आईच्या दहाव्याला मामाचा पोरगा आला होता. केस पांढरे, हाताला भेगा, आयुष्यभर शेती केली त्यानं. ओढ्याच्या कडेला आम्ही दोघंच उभे होतो. मी विचारलं, "तू सहामाहीला गेलास तो परत का नाही आलास रे?" तो म्हणाला, "त्या साली पाऊस चांगला झालता दादा. रानात मानूस लागत हुतं." मी बराच वेळ त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. त्यानं कावळ्याकडं बोट दाखवलं, म्हणाला, "शिवला बघा." मामांच्या रानात त्या वर्षी पाऊस झाला होता का, हे मी त्यानंतर कुणाला विचारलेलं नाही.

हे सगळं मी नातवाला सांगितलं का? थोडं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, मग म्हणाला, "म्हणजे मी शर्ट घालू का नको?" मी म्हटलं, घाल बाबा, तुझे पैसे आहेत. पण मोगलाईचं काही छापून आणू नकोस, ते आपलं नाही.

भाऊबीजेनंतर बाजार उघडला. सोयाबीन घालायला बार्शीला निघालो तर हा टेम्पोत माझ्या शेजारी, अंगात तोच शर्ट. आडतीपुढं पोती उतरवायला दोन हमाल आले. एक पन्नाशीचा, बोलण्यावरून केजकडचा वाटला. पोतं पाठीवर घेताना त्याची नजर नातवाच्या छातीवर गेली. पोतं टाकून आला, परत बघितलं. ओठ हलवत वाचत होता. नातू जरा सावरून उभा राहिला. मीही श्वास धरला.

तिसऱ्या खेपेला तो हमाल थांबला. घाम पुसला आणि अगदी हळू आवाजात नातवाला म्हणाला, "दादा, घाटीत कोन ॲडमिट हाय का तुमचं?"

मराठवाड्यात घाटी म्हणजे औरंगाबादचा सरकारी दवाखाना. तिथं रिक्षावाले घाटी, घाटी असंच ओरडत असतात.

नातू गोंधळला. "नाही... म्हणजे तसं नाही..."

"माझी भन हुती तिथं दीड महिना. चांगलं बघत्यात," हमाल म्हणाला. "काळजी करू नगा. हुईल बरं."

आणि पुढचं पोतं घ्यायला वळला. नातवानं माझ्याकडं बघितलं. मी त्या हमालाला त्याचं नाव विचारलं.